श्रीमंत देश आणि निर्वासित : एका दशकाचा मागोवा

निर्वासितांच्या दर्जाविषयीचा जिनिव्हा करार २८ जुलै १९५१ रोजी झाला. २०२६ मध्ये त्याला ७५ वर्षे होतात, आणि ज्या युरोपीय देशांनी तो पुढाकार घेऊन घडवला त्यांनाच तो आता जाचू लागला आहे. ज्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे त्याला त्या धोक्याच्या तोंडी परत लोटायचे नाही, हे त्याच्या ३३व्या कलमाचे सार. त्यामागे एव्हियाँची लाज होती. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या या गावी ३२ देश जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ज्यूंचा विचार करायला जमले. हळहळ सगळ्यांनी व्यक्त केली, थारा द्यायची वेळ आली तेव्हा डॉमिनिकन रिपब्लिक सोडून जवळजवळ सगळे मागे सरले. याउलट १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले. त्यांत बायका-मुलेच जास्त होती. देश तेव्हा पारतंत्र्यात होता आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती.

पुढची काही दशके पश्चिमेला फारशी जड गेली नाहीत. १९५६ मध्ये हंगेरीतून सुमारे दोन लाख माणसे बाहेर पडली आणि त्यांची सोय भराभर लागली. १९७९ नंतर व्हिएतनाममधून होड्यांनी निघालेल्यांनाही अमेरिका, कॅनडा, फ्रान्स, ऑस्ट्रेलियाने मोठ्या संख्येने घेतले. साम्यवादी राजवटीतून पळालेल्या माणसाला जागा देण्यात शीतयुद्धाचा फायदाही होता. तो संपताच दारे आक्रसू लागली. जर्मनीने १९९३ मध्ये राज्यघटनेतला आश्रयाचा हक्कच आखूड केला.

खरी परीक्षा २०१५ मध्ये झाली. तिची सुरुवात युरोपात नव्हे, लेबनॉन-जॉर्डनमधल्या शिधा-कार्डावर झाली. श्रीमंत देशांकडून पैसा येईना म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाने यादवी युद्धातून पळालेल्या सिरियन निर्वासितांची मदत कापली. लेबनॉनमध्ये जुलैपासून माणशी महिन्याला साडेतेरा डॉलर उरले. एवढ्यात पोट भरत नाही. चार वर्षे शेजारी देशात दिवस काढलेली कुटुंबे समुद्राच्या वाटेला लागली, त्यामागे हे मोठे कारण होते. युरोपात मात्र चर्चा ‘लोंढ्यां’ची झाली, कापलेल्या शिध्याची नाही.

२७ ऑगस्टला ऑस्ट्रियातल्या महामार्गालगत एका बंद ट्रकमध्ये ७१ मृतदेह सापडले. ३१ ऑगस्टला जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांनी ‘आपण हे निभावू’ असे सांगितले. ४ सप्टेंबरला बुडापेस्टच्या केलेटी स्थानकात अडकून पडलेले लोक पोरेबाळे खांद्यावर घेऊन ऑस्ट्रियाच्या दिशेने पायी निघाले, आणि त्या रात्री ऑस्ट्रिया व जर्मनीने सीमा उघडल्या. म्युनिकच्या स्थानकावर सामान्य नागरिक पाणी, कपडे, खेळणी घेऊन उभे राहिले. बर्लिनमध्ये नोंदणीचा नंबर लागावा म्हणून माणसे दिवसेंदिवस कार्यालयाबाहेर ताटकळली. टेंपलहोफच्या बंद विमानतळाच्या हँगरमध्ये खाटा पडल्या. त्या वर्षी जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार जण आले, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण एक टक्का. त्याच काळात लेबनॉनमध्ये दर चार-पाच माणसांमागे एक सिरियन निर्वासित होता.

इतरांनी जर्मनीला साथ दिली नाही, हे या दशकाचे खरे अपयश. इटली आणि ग्रीसमधून १ लाख ६० हजार जणांना वाटून घेण्याचा निर्णय युरोपीय संघाने घेतला. प्रत्यक्षात ३५ हजारांपर्यंतच मजल गेली. १९५६ चे उपकार घेतलेल्या हंगेरीने सर्बियाच्या सीमेवर काटेरी तारा लावल्या. वळिवड्याच्या निर्वासितांचा देश असलेल्या पोलंडनेही या वाटपातला वाटा उचलला नाही. डेन्मार्कने जानेवारी २०१६ मध्ये आश्रय मागणाऱ्यांकडची दहा हजार क्रोनरपेक्षा जास्त किमतीची चीजवस्तू जप्त करण्याचा कायदा केला. मार्च २०१६ मध्ये तुर्कस्तानला पैसे देऊन वाट अडवण्याचा करार झाला, आणि जबाबदारी पैशात चुकवण्याची रीत पडली. ब्रिटनने तर आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला धाडण्याचा घाट घातला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो बेकायदा ठरवला.

भीतीलाही कारणे होती. नववर्षाच्या रात्री कोलोनमध्ये स्त्रियांवर झालेले लैंगिक अत्याचार आणि बर्लिनच्या नाताळ बाजारावरचा डिसेंबर २०१६ चा हल्ला या घटना खऱ्या आहेत. दोषींना शिक्षा हवीच. पण त्यांच्या आधारे लाखो माणसांना संशयित ठरवण्याचे राजकारण झाले, आणि ते करणाऱ्या जर्मनीतल्या अतिउजव्या एएफडी पक्षाची मते २०१७ मधल्या १२.६ टक्क्यांवरून २०२५ मध्ये २०.८ टक्क्यांवर गेली.

‘परवडत नाही’ हा युक्तिवाद २०२२ मध्ये उघडा पडला. युक्रेनवर आक्रमण होताच युरोपीय संघाने २००१ पासून पडून असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा आठवड्याभरात लागू केला. चाळीस लाखांहून अधिक लोकांना निवास, काम आणि शाळा मिळाली. पोलंडने तर घरे उघडली, आणि ते मनापासून केले. त्याच पोलंडने मार्च २०२५ मध्ये बेलारूसच्या सीमेवर आश्रयाचा अर्ज घेणे थांबवण्याचा कायदा केला. क्षमता होती; कोणासाठी वापरायची एवढाच प्रश्न होता.

२०१५ मध्ये आलेल्यांचे पुढे काय झाले, हेही आता मोजता येते. जर्मनीच्या रोजगार संशोधन संस्थेनुसार २०२४ पर्यंत त्यांतले ६४ टक्के कामाला लागले होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण सर्वसाधारण जर्मन पुरुषांच्या बरोबरीचे आहे. स्त्रिया बऱ्याच मागे आहेत. पाळणाघरे आणि भाषावर्ग वेळेवर मिळाले नाहीत, हे त्याचे एक कारण. २०२४ मध्ये ८३ हजारांहून अधिक सिरियनांनी जर्मन नागरिकत्व घेतले. परदेशी डॉक्टरांमध्ये सर्वांत मोठा गट सिरियनांचाच आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसमधली असद राजवट कोसळली, आणि दुसऱ्याच दिवशी जर्मनीसह अनेक युरोपीय देशांनी सिरियनांच्या प्रलंबित अर्जांवरचे निर्णय थांबवले. परत पाठवण्याच्या घोषणा सुरू झाल्या, तेव्हा जर्मन रुग्णालयांना आपले डॉक्टर जातील याची चिंता वाटली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांचे पुनर्वसनच स्थगित केले. जगातले सुमारे ७३ टक्के निर्वासित २०२४ अखेरीसही कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. बांगलादेशच्या कॉक्स बाजारमधल्या छावण्यांत दहा लाखांच्या आसपास रोहिंग्या राहतात, आणि त्यांचा शिधाही २०२३ मध्ये निधीअभावी कापला गेला होता.