जाळ्याचं शिसं घरच्या चुलीवर नको

करंजा धरण असो, मांजरा असो की अफजलपूरकडची भीमा, आपला पाग पाण्यात बसतो तो शिशाच्या वजनावर. गोळ्या गळून पडतात, पुन्हा भराव्या लागतात. बाजारातल्या महाग पडतात म्हणून कुणी गॅरेजमधून जुन्या बॅटरीच्या प्लेटा आणतं, कुणी टायरवाल्याकडून चाकाची शिशाची वजनं. मग अंगणात चूल, जुनी कढई, आणि बाजूला पोरं बघत बसलेली. आजचं बोलणं त्या कढईबद्दल आहे.

आपल्या बिदरला धातू ओतणं नवीन नाही. बिद्रीचं भांडं जस्त आणि तांब्याच्या मिश्रणातून ओततात. जस्ताचा धूर जास्त गेला तर काही तासांनी थंडीताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. शरीर निदान सांगून तरी जातं. शिसं सांगत नाही. ते 327 अंशाला वितळतं, म्हणजे साध्या चुलीवर. त्याचा धूर श्वासातून जातो, वरची राख अंगणात उडते आणि पोरांच्या हातातून तोंडात जाते. रक्तातलं शिसं पुढं हाडांत जाऊन बसतं, ते वर्षानुवर्षं निघत नाही.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढं अंगात मुरतं, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात मुरतं. मुलाचं डोकं अभ्यासात मागं पडतं, रक्त कमी होतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. गरोदर बाईच्या हाडातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

सेनेगल देशात डकार शहराजवळ तियारॉय-सुर-मेर ही मासेमारांची वस्ती आहे. तिथले लोहार वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्यांच्या शिशातून जाळ्याची वजनं करत. ती माती शिशानं भरून गेली. पुढं शिशाचा भाव चढला, तेव्हा बायका ती माती खणून, चाळून विकू लागल्या. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 एवढ्या काळात तिथं 18 लहान मुलं दगावली. आपल्यासारखेच लोक, आपल्यासारखंच काम.

रस्त्याचंही थोडं बघा. आपल्या देशात शिशाचं पेट्रोल 2000 सालापर्यंत चाललं. शिसं कुजत नाही, म्हणून जुन्या वाहत्या रस्त्याच्या कडेच्या मातीत ते अजून राहिलेलं असू शकतं. शिवाय ब्रेक आणि टायर झिजून तांबं-जस्ताची धूळ पडते ती वेगळी. हुमनाबादवरून जाणाऱ्या हायवेच्या कडेला जाळं किंवा मासळी वाळत घालू नका.

मग करायचं काय?

1. बॅटरी फोडू नका. नवी घेताना जुनी दुकानात परत द्या, तेवढे पैसे कमी होतात.
2. जमेल तिथं शिशाऐवजी लोखंडी साखळी किंवा नट लावा. जुने लोक भाजक्या मातीची वजनं वापरायचे, तीही चालतात.
3. शिसं लागलंच तर तयार गोळ्या घ्या. घरी वितळवू नका.
4. गोळी दातानं दाबू नका, पक्कड वापरा. ही सवय आपल्यात फार आहे.
5. जाळ्याचं काम झालं की साबणानं हात धुऊन मगच बिडी, तंबाखू, भाकरी. कामाचे कपडे वेगळे धुवा.
6. जिथं पूर्वी शिसं वितळवलं, तिथं झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पोरांना तिथं खेळू देऊ नका. ती कढई स्वयंपाकात परत आणू नका.

पोटात वारंवार कळ, बद्धकोष्ठता, सारखा थकवा असेल, किंवा घरी शिशाचं काम झालं असेल, तर डॉक्टरांना धंदा स्पष्ट सांगा: "मी शिसं हाताळतो." आपण सांगितल्याशिवाय त्यांच्या ध्यानात येणार नाही. रक्तातलं शिसं तपासता येतं.

मासा आज नाही मिळाला तर उद्या मिळेल. पोराच्या डोक्याचं नुकसान भरून येत नाही. ज्या घरात जाळं आहे, त्या प्रत्येक घरी हे वाचून दाखवा.