मूदान पिओनी

(चिनी – मूदान, लॅ. पेओनिया सफ्रुटिकोजा, कुल–पेओनिएसी). मुळांच्या औषधी सालीसाठी व मोठ्या, शोभिवंत फुलांसाठी लावण्यात येणारे पानझडी झुडूप. हे मूळचे चीनमधील असून पिओनींच्या झुडूपवर्गीय गटातील सर्व वन्य जाती फक्त त्याच देशात आढळतात. पूर्वी पेओनिया वंशाचा समावेश मोरवेल कुलात करीत. आता त्याचे स्वतंत्र कुल मानतात. हिमालयात आढळणारी व युनानी वैद्यकात ऊदसलीब या नावाने परिचित असलेली पिओनी याच वंशातील आहे. तथापि ती झुडूप नसून बहुवर्षायू ओषधी आहे.

मूदानाची उंची सामान्यतः १–२ मी. असते. खोडे अनेक व काष्ठमय. पाने एकाआड एक व संयुक्त असून टोकाचे दल बहुधा त्रिखंडी असते. फुले फांद्यांच्या टोकांस एकेकटी, एप्रिल–मेमध्ये येतात. त्यांचा व्यास १०–२० सेंमी. असून रंग पांढरा, गुलाबी, तांबडा अथवा जांभळा असतो. केसरदले अनेक, किंजदले बहुधा पाच व केसाळ, फळे पेटिका प्रकारची व बिया काळ्या, चकचकीत असतात. औषधासाठी मुख्यत्वे ‘फंगदान’ हा साध्या पांढऱ्या फुलांचा प्रकार लावतात. आन्ह्वेई प्रांतातील तुंगलिंगचा डोंगराळ भाग त्याकरिता प्रसिद्ध आहे. त्याच्याशी संबंधित झुडपांचे वर्णन १९९२ मध्ये पेओनिया ओस्टाय या स्वतंत्र जातीच्या रूपाने करण्यात आले.

इतिहास : मूदानाची कीर्ती फुलांमुळे झाली असली, तरी माणसाने त्याचा उपयोग प्रथम औषध म्हणून केला. गान्सू प्रांतातील वूवेई येथील एका थडग्यात १९७२ मध्ये पूर्व हान काळातील वैद्यकीय मजकुराच्या पट्ट्या मिळाल्या. त्यांतील एका पाठात मूदानाचा उल्लेख आहे. उद्यानातील फूल म्हणून त्याला थांग राजवटीत (६१८–९०७) मोठी प्रतिष्ठा लाभली. सुंग काळातील लेखक ओउयांग श्यू यांनी अकराव्या शतकात लोयांगच्या मूदानांवर ग्रंथ लिहिला. डोंगराळ भागातील लोक काटेरी झुडपांप्रमाणे ही झाडेही सरपणासाठी तोडीत, अशी नोंद त्यांनी केली आहे.

लागवड : या झुडपाला थंड हिवाळा, भरपूर ऊन व पाण्याचा उत्तम निचरा होणारी खोल, भुसभुशीत जमीन लागते. मुळे जाड व मांसल असल्याने पाणी साचल्यास ती कुजतात. म्हणून उताराची जमीन पसंत करतात आणि सपाट जमिनीत उंच वाफे काढतात. दख्खनच्या पठारावरील हिवाळा पुरेसा थंड नसल्याने हे पीक तेथे योग्य नाही.

फंगदानाची अभिवृद्धी बियांपासून करतात. फळे पिवळसर तपकिरी होताच काढून बिया वाळू न देता त्याच शरद ऋतूत पेरतात. कारण वाळलेल्या बियांचे कवच कठीण होऊन उगवण लांबते. बियांची सुप्तावस्था दुहेरी असते. पेरणीनंतर जमिनीतील उबेत प्रथम मूळ बाहेर पडते; कोंब मात्र हिवाळ्याची थंडी सोसल्यावर पुढील वसंतात वर येतो. शोभेच्या प्रकारांची रोपे बियांपासून मातृवृक्षासारखी निपजत नाहीत. म्हणून त्यांची अभिवृद्धी गड्डे विभागून किंवा पिओनीच्या मुळांवर कलमे बांधून करतात. ही कामेही शरद ऋतूतच करतात. वसंतात लावलेले झाड नीट फुलत नाही, असा चिनी माळ्यांचा अनुभव आहे.

रोपे एकदोन वर्षांनी शेतात लावतात. औषधी पिकातील कळ्या बहुधा खुडून टाकतात, म्हणजे अन्नद्रव्ये मुळांकडे वळतात. फुलबागेत ज्यासाठी झाड जोपासतात, तेच येथे नको असते. करपा, मुळकुजव्या व सूत्रकृमी यांपासून पिकास उपद्रव होतो. त्याच जमिनीत लागोपाठ हे पीक घेतल्यास रोग बळावतात व उत्पन्न घटते. म्हणून काही वर्षे अन्य पिकांची फेरपालट करतात.

काढणी : लागणीनंतर साधारणतः तीन ते पाच वर्षांनी शरद ऋतूत मुळे खणून काढतात. ती एकदोन दिवस सुकवून मऊ झाल्यावर उभी चिरतात, आतील काष्ठमय गाभा ओढून काढतात आणि उरलेली नळीसारखी साल उन्हात वाळवितात. वाळताना पाऊस लागल्यास साल लालसर होऊन तिची प्रत उतरते. चांगली साल जाड, सुवासिक व आतून पिठूळ असून तिच्यावर कधीकधी चमकदार स्फटिक दिसतात. हे स्फटिक पिओनॉल या संयुगाचे असतात. चिनी औषधिकोशानुसार सालीत ते किमान १.२% असावे लागते.

उपयोग : ‘मूदानफी’ ही साल उष्णता कमी करणारी, रक्त थंड करणारी व साकळलेले रक्त मोकळे करणारी आहे, असे चिनी वैद्यक मानते. ‘ल्यूवेई दीह्वांग’ या प्रसिद्ध गोळ्यांतील सहा घटकांपैकी ती एक आहे. गर्भारपणात ती जपून वापरण्यास सांगतात.

मुळे काढल्याने एरवी दीर्घकाळ जगणारे झाड नष्ट होते. लागवडीच्या शेतात नवी रोपे लावून ही तूट भरून निघते. रानात मात्र ती भरून येत नाही. सालीसाठी झालेल्या खणतीमुळे व जंगले तुटल्यामुळे वन्य जाती विरळ झाल्या. चीनच्या २०२१ च्या संरक्षित वन्य वनस्पतींच्या यादीत या गटातील जातींचा समावेश आहे. त्यामुळे लागवड ही केवळ उत्पन्नाची बाब राहिलेली नसून वन्य जातींच्या रक्षणाशीही निगडित झाली आहे. मूदानाच्या बियांचे तेल खाद्य म्हणून वापरण्यास चीनमध्ये २०११ साली मान्यता मिळाली. बियांच्या पिकात झाड खणावे लागत नाही व ते वर्षानुवर्षे उत्पन्न देते; परंतु सालीची जागा तेल घेऊ शकत नाही. म्हणून औषधासाठी मूदानाची पुनःपुन्हा पेरणी आवश्यकच ठरते.