उजेडाला वेळेचे भान

सकाळचे ऊन अंगणात चांगले पसरले आहे आणि फाटकावरचा दिवा अजून जळतो आहे, हे दृश्य कोणत्याही गावात वा शहरात नवे नाही. दिवा लावण्याची आठवण अंधारच करून देतो. तो मालवण्याची आठवण करून देणारे मात्र कोणी नसते. घरातील आणि बागेतील दिवे स्वयंचलित करण्यामागचे मूळ कारण या साध्या गोष्टीत आहे. दिवा आपोआप लागणे ही सोय होय. तो आपोआप मालवला जाणे ही खरी गरज होय.

या गरजेवरचा एक नामांकित उपाय समुद्रावर निघाला. निर्जन खडकांवरील दीपस्तंभ अॅसिटिलीन वायूवर चालत. रात्रंदिवस जळणाऱ्या ज्योतीमुळे वायूचा साठा लवकर संपे. गुस्टाफ डालेन या स्वीडिश अभियंत्याने १९०७ साली ‘सूर्य-झडप’ तयार केली. तिच्यात एक काळी दांडी व तिच्याभोवती चकाकत्या दांड्या होत्या. दिवसा काळी दांडी अधिक प्रकाश शोषून किंचित लांब होई आणि वायूचा मार्ग बंद करी. सायंकाळी ती आखडे, वायू पुन्हा वाहू लागे व दिवा पेटे. १९१२ साली डालेन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली. तरीही १९३७ साली मृत्यू येईपर्यंत ते कार्यरत राहिले.

अंधार कसा ओळखावा?

विजेच्या दिव्यांसाठी निराळी वाट सापडली. १८७३ साली विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याने समुद्राखालील तारायंत्राच्या तारांची चाचणी घेताना पाहिलेली एक विचित्र गोष्ट प्रसिद्ध केली. सेलेनियमच्या कांडीवर प्रकाश पडला की तिचा विद्युत्-रोध कमी होई. प्रकाशाच्या प्रमाणात विजेची वाट मोकळी करणारा पदार्थ हाती आला, म्हणजे दिव्याला जणू डोळाच मिळाला. आजच्या संवेदकांत सेलेनियमऐवजी अन्य अर्धवाहक वापरले जातात. तत्त्व मात्र त्याच जातीचे आहे.

हा डोळा बसवताना एक चूक हमखास होते. संवेदक दिव्याच्या समोर बसवला, तर दिवा लागताच त्याला दिवस उगवल्याचा भास होतो व तो दिवा मालवतो. अंधार होताच पुन्हा लावतो. अशी उघडझाप रात्रभर चालू राहते. म्हणून संवेदकाचे तोंड दिव्यापासून दूर, शक्यतो मोकळ्या आकाशाकडे असावे आणि त्यावरील धूळ अधूनमधून पुसावी.

घड्याळावर चालणारे बटण हा दुसरा उपाय. परंतु ठरावीक वेळ वर्षभर उपयोगी पडत नाही. मुंबईत नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. शिवाय देशभर प्रमाणवेळ एकच असल्याने अरुणाचलाच्या पूर्व टोकाला आणि कच्छच्या पश्चिम टोकाला घड्याळात सूर्यास्त पाहिला, तर जवळजवळ दोन तासांचे अंतर पडते. यासाठी अक्षांश, रेखांश व तारीख यांवरून दररोजचा सूर्यास्त स्वतः काढणारी घड्याळ-बटणे वापरावीत.

कोणी आहे काय?

अंधार झाला म्हणून दिवा रात्रभर जळलाच पाहिजे असे नाही. जिन्यात, न्हाणीघराच्या वाटेवर किंवा फाटकाशी दिवा हवा असतो तो माणूस तेथे असेपर्यंत. माणसाच्या शरीरातून सतत अवरक्त किरण बाहेर पडतात. हालचाल ओळखणाऱ्या संवेदकावर प्लॅस्टिकचे खाचखळगे असलेले भिंग असते. ते समोरच्या जागेचे जणू पट्टे पाडते. उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेले की आतील स्फटिकावर सूक्ष्म विद्युत्-बदल होतो आणि दिवा लागतो.

या रचनेतूनच तिच्या मर्यादा कळतात. संवेदकासमोरून आडवे जाणारा माणूस त्याला चटकन जाणवतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा. काचेच्या तावदानाआड बसवलेला संवेदक जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण काच हे किरण अडवते. मे महिन्यात विदर्भात वा राजस्थानात हवाच शरीराइतकी तापते, तेव्हा माणूस व पार्श्वभूमी यांतील फरक कमी होऊन संवेदक मंदावतो. मांजर व कुत्रा यांनाही तो माणूसच समजतो.

खर्चाचा हिशेब बोलका आहे. साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब रोज बारा तास जळल्यास महिन्याला सुमारे २१.६ युनिट वीज घेतो. साधारण तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी सव्वातीन युनिट घेतो. तोच हालचालीवर चालवून रोज एकूण तासभरच जळला, तर दिव्यासाठी पाव युनिटच्या आसपास पुरते. परंतु बिनतारी संदेशावर चालणारा ‘स्मार्ट’ बल्ब न जळतानाही संदेशाची वाट पाहत थोडी वीज खातो. ती अर्धा वॅट धरली, तरी दिवसाला जवळजवळ १२ वॅट-तास होतात. म्हणजे तासभराच्या उजेडाला लागणाऱ्या ९ वॅट-तासांहून अधिक. थोडा वेळच लागणाऱ्या दिव्यासाठी साधा संवेदक पुष्कळदा अधिक शहाणा ठरतो.

घरात व बागेत बसवताना

बिनतारी बल्बांची आणखी एक अडचण रोजच्या व्यवहारात कळते. कोणी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले की बल्बाची वीजच तुटते आणि दूरध्वनीवरून दिलेली कोणतीही आज्ञा त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून बल्बाऐवजी बटणच ‘स्मार्ट’ करणे बरे. मात्र अशा बहुतेक बटणांना फळ्यात न्यूट्रल तार लागते. ती आहे की नाही हे आधी तपासून घ्यावे. घरातील वृद्धांना व पाहुण्यांना काहीही न शिकवता दिवा लावता-मालवता आला पाहिजे, ही कसोटी सर्वांत महत्त्वाची. वीज जाऊन परत आली की काही बल्ब आपोआप पूर्ण तेजाने लागतात. मध्यरात्री सारे घर उजळू नये म्हणून ही मांडणी बदलून ठेवावी.

बागेत पाणी आणि वीज एकत्र येतात, तेव्हा हयगय जिवावर बेतू शकते. झाडांमधील दिव्यांसाठी १२ किंवा २४ व्होल्टची व्यवस्था पसंत करावी. तीस मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारे आर.सी.सी.बी. बसवावे, अर्थिंग तपासावे व पावसाला टिकणारे दिवे निवडावेत. २३० व्होल्टचे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे.

बागेलाही अंधाराची गरज असते, ही गोष्ट सहज विसरली जाते. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब, अखंड रात्री लागतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखालच्या कुंडीला फूल उशिरा येते वा येतच नाही. फुलशेती करणारे हाच गुण वापरून कृत्रिम उजेडाने शेवंतीचा बहर मुद्दाम लांबवतात. सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर चमकणारे काजवे आपल्या प्रकाशाच्या खुणांनी जोडीदार शोधतात. प्रखर दिव्यांत त्या खुणा हरवतात. फुलांवर येणारे निशाचर पतंग दिव्याभोवती घिरट्या घालत दमून जातात. यासाठी दिव्याला वरून झाकण असावे, उजेड खाली वाटेवरच पडावा, रंग पिवळसर असावा आणि निजानीज झाल्यावर बागेतील दिवे बंद व्हावेत.

अशी व्यवस्था चांगली साधली की नाही, हे पाहायचे तर मध्यरात्री अंगणात यावे. पाऊल पडताच पायरी दिसावी. माणूस आत गेला की थोड्याच वेळात अंगण पुन्हा अंधारात बुडावे, आणि त्या अंधारात शेवंती व काजवे यांचे काम बिनबोभाट चालू राहावे.