ब्रेकच्या नळीकडेही एक नजर

जुळे सोलापुरातील आपल्या बहुतेक घरांची गाडी आठवडाभर फारशी धावत नाही. सकाळी नवी पेठेतील किंवा चाटी गल्लीतील दुकान, रात्री घर. मधला सारा दिवस ती उन्हात उभी असते. रविवार आला की मात्र तीच गाडी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना घेऊन कुंथलगिरीला निघते. जाताना तुळजापूरचा घाट चढते आणि सायंकाळी भरल्या गाडीने तोच घाट उतरते. त्या उतारावर सर्वांचे प्राण ज्या वस्तूवर अवलंबून असतात, ती आपण बहुधा कधी पाहिलेलीच नसते. ती म्हणजे चाकामागची वीतभर-हातभर लांबीची रबरी नळी.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका प्रवासाच्या आदल्या दिवशी आमच्या गाडीची पुढची डावी नळी टायरला घासून आतील विणीचे धागे उघडे पडलेले दिसले. हौसेने मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवले होते. गाडीची नियमित तपासणीही झाली होती. परंतु स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे कोणी डोकावले नव्हते. प्रवास एक दिवस पुढे ढकलला, एवढ्यावरच निभावले.

पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब लोखंडी नळ्यांतून चाकांपर्यंत जातो. चाक वळते, खड्ड्यात वरखाली होते. म्हणून शेवटचा टप्पा लवचीक ठेवावा लागतो. या नळीत आत रबर, मध्ये धाग्यांची घट्ट वीण आणि बाहेर पुन्हा रबराचे आवरण असते. दाब खरा पेलते ती मधली वीण. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट अनेकांच्या आजोबांच्या दारात असे. तिच्या चाकांशीही अशाच नळ्या होत्या. आज गाड्यांत एबीएस आले, पण ही नळी गेलेली नाही.

तिचे शत्रू तीन. पहिला उष्णता. चाळीस अंशांपुढे जाणारा आपला उन्हाळा आणि ब्रेकची स्वतःची धग यांमुळे रबर कडक होऊन तडकते. दुसरा घर्षण. नळी धरून ठेवणारी क्लिप सुटली, नळी पिळून बसली अथवा टायर मोठे घातले, की ती घासू लागते. तिसरा निष्काळजी हात. ब्रेक पॅड बदलताना सोडवलेला कॅलिपर नळीवरच लोंबकळत ठेवला, तर बाहेरून काही न दिसता आतली वीण दुखावते.

तपासणीस पंधरा मिनिटे पुरतात. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. स्टिअरिंग प्रथम एका बाजूस पूर्ण वळवावे, मग दुसऱ्या बाजूस. प्रत्येक वेळी बॅटरीच्या उजेडात नळी टायरला किंवा अन्य भागाला टेकते का ते पाहावे. चिखल पुसून नळी हळुवार वाकवावी. तडे असल्यास उघडे होतात. सांध्यांशी ओल दिसते का, तेही पाहावे. नंतर इंजिन चालू ठेवून घरातील मोठ्या माणसास पेडल जोराने दाबून धरण्यास सांगावे. त्या वेळी नळी कोठे फुगली, तर ती तत्काळ बदलण्याजोगी समजावी. मात्र केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

काही लक्षणे चालवतानाच कळतात : पेडल स्पंजासारखे दबणे, ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढणे, प्रवासानंतर एकच चाक फार तापणे. शेवटचे लक्षण विशेष फसवे. नळी आतून सुजली तर दाब चाकापर्यंत जातो, पण सहज परतत नाही आणि ब्रेक धरूनच राहतो.

नळीवर चिकटपट्टी गुंडाळणे किंवा तारेने ती बांधणे हा उपाय नव्हे. तिला चकाकीसाठी तेल अथवा ग्रीस लावू नये. त्याने हे रबर फुगते. सुटलेली क्लिप त्वरित बसवून घ्यावी. नळी बदलताना एकाच आसावरील दोन्ही बदलाव्यात, सांध्यातील तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि शेवटी ब्रेकमधील हवा काढून घ्यावी. हे काम जाणत्या मिस्त्रीचेच. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत तेही बदलावे.

घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय अनेकांना आहे. ती सोडावी. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी रोखून धरते आणि ब्रेकवरचा ताण हलका होतो.

दुकानातील मालाची मोजदाद आपण दरवर्षी न चुकता करतो. एखादा तागा कमी भरला तरी कारण शोधतो. घरची सारी माणसे ज्या नळीच्या भरवशावर घाट उतरतात, तिची मोजदादही वर्षातून दोनदा व्हावी : एकदा उन्हाळा सरताना आणि एकदा दिवाळीच्या प्रवासापूर्वी.