सोरायसिस : मेडिकलमधून औषध घेण्याआधी

● मॉइश्चरायझर, पेट्रोलियम जेली : आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा. कोरडेपणा आणि खाज कमी होते.

● सॅलिसिलिक अ‍ॅसिड : खपल्या मऊ होऊन सुटतात. लहान मुलांना परस्पर लावू नका.

● कोल टार : खाज, खपल्या कमी होतात. कपड्यांना डाग पडतात. लावलेल्या जागी ऊन टाळा.

● सावधान : ‘गजकर्णा’साठी मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड असते. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. अतिवापराने त्वचा पातळ होते. मलम एकदम थांबवल्यास सोरायसिस उसळू शकतो.

● सोरायसिस वाढवू शकणारी औषधे : लिथियम, बीटा ब्लॉकर, क्लोरोक्विन, काहींच्या बाबतीत आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके. चालू गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.