मुळशीचा कातळ आणि दातवाला देवमासा

ताम्हिणी घाटात गाड्या थांबतात, लोक भाजलेलं कणीस खात दरीचे फोटो काढतात. पाठीमागच्या काळ्या कातळाकडे सहसा कुणी बघत नाही. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा कातळ लाव्हा होऊन वाहत आला आणि थरावर थर साचत गेला. यात देवमाशाचं हाड सापडायचं नाही, कितीही फोडा. लाव्हा हे एक कारण आहेच, पण दुसरं जास्त गमतीचं. हा दगड थिजला तेव्हा जगात एकही देवमासा नव्हता. मुळशीत शेताच्या बांधावरचा कुठलाही धोंडा उचला, तो अख्ख्या देवमाशांच्या कुळाहून वडीलधारा निघेल.

ते कुळ पुढे आलं सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी. भारताचा भूखंड आशियाला भिडत होता आणि मधल्या उथळ टेथिस समुद्राच्या काठाने काही खुरवाले, चार पायांचे प्राणी पाण्यात उतरायला लागले होते. कच्छच्या खडकांत त्यांच्या वंशजांची हाडं मिळतात. एकाचं नावच कच्छिसीटस. या सगळ्यांच्या तोंडात दात होते, आणि चांगले धारदार होते.

मग आजच्या निळ्या देवमाशाच्या तोंडात एकही दात का नाही? त्याच्या वरच्या जबड्यातून दोन्ही बाजूंना तीनेकशे लवचिक पट्ट्या लोंबतात, कडांना केस सुटलेल्या. हीच बलीनची झालर. आपली नखं ज्या केराटिनची, त्याच केराटिनची ही गाळणी. घोटभर नव्हे, टनावारी पाणी तोंडात घ्यायचं, झालरीतून बाहेर ढकलायचं, आणि मागे उरेल ते क्रिल गिळायचं. क्रिल म्हणजे आपल्या जवळ्याचा लांबचा नातेवाईक म्हणा. पृथ्वीवर आजवर झालेला सगळ्यात मोठा प्राणी असल्या चिमूटभर जिवांवर पोसला जातो.

दातांपासून गाळणीपर्यंतच्या वाटेवर मध्येच कोण होतं? 1964 साली अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावर डग्लस एम्लाँग या हौशी जीवाश्मवेड्या तरुणाला एक कवटी सापडली. तेव्हा त्याचं वय बावीसच्या आसपास. दोन वर्षांनी त्याने तिला नाव दिलं, एटिओसीटस. जबड्यात दात बघून त्याने हा प्राणी पुरातन दंतधारी देवमाशांत टाकला. पुढे अभ्यासकांनी कवटीची ठेवण पाहून त्याला उचलून बलीनवाल्यांच्या घरात आणून बसवलं. दात असलेला, पण घराणं बिनदातांचं!

याच वंशातल्या एका जातीच्या टाळूवर बारीक छिद्रं आणि चरे आहेत. आजच्या देवमाशांत अशाच छिद्रांतून झालरीला रक्तपुरवठा होतो. झालर स्वतः नखासारखी, कुजून जाते, क्वचितच दगड होते. मागे उरतात ती ही भोकं. म्हणून काहींचं म्हणणं, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी दात आणि झालर दोन्ही बाळगून होता. काहींना ते पटत नाही. त्यांच्या मते छिद्रं हिरड्यांचीही असू शकतात. मला पहिली बाजू आवडते, पण आवडणं हा पुरावा नव्हे.

पूर्वजांना दात होते याचा पुरावा मात्र आजही जिवंत आहे. बलीनवाल्या देवमाशाच्या गर्भात दातांचे अंकुर फुटतात आणि जन्माआधी विरून जातात. डार्विनने 1859 च्या ग्रंथात या गर्भातल्या दातांचा दाखला दिला होता. दातांवरच्या लुकणाची, म्हणजे इनॅमलची जनुकंही या प्राण्यांत आजतागायत आहेत, फक्त मोडक्या अवस्थेत. घरातलं जातं बंद पडलं, पण कुणी फेकलं नाही, तसं.

आता मुळशीचं पाणी बघा. मुळा खरं तर पूर्वेची नदी. भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाणारी. ज्या धरणापायी 1921 मध्ये मुळशीकरांनी सत्याग्रह केला, त्या धरणाने तिचं तोंड पश्चिमेला फिरवलं. 1927 पासून हे पाणी सुमारे अर्धा किलोमीटर खाली उतरून भिरा इथल्या वीजकेंद्राची चाकं फिरवतं, मग कुंडलिकेत पडतं. कोलाडला त्यावर राफ्टिंगवाले तरंगतात, आणि पुढे रोह्यावरून ते रेवदंड्याला अरबी समुद्रात मिसळतं. धरणापासून रेवदंडा पक्ष्याच्या वाटेने साठेक किलोमीटर, जवळजवळ सरळ पश्चिमेला.

तिथेच जून 2015 मध्ये सुमारे 42 फुटांचा निळा देवमासा किनाऱ्याला लागला. पूर्ण वाढीचा याच्या जवळजवळ दुप्पट असतो, म्हणजे हा पोरच. त्याला पुन्हा पाण्यात लोटायची खटपट झाली, पण तो मेला. त्याच्या जबड्यात झालर होती. आणि आईच्या पोटात असताना, काही काळ, दातही.