‘फास्ट’ कुठे, ‘क्विक’ कुठे?
खामगाव–जलंब रेल्वेलाइन जेमतेम 13 किलोमीटरची. गाडी सावकाश धावली तरी प्रवास चटकन आटोपतो. इंग्रजीत या प्रवासाला ‘क्विक’ म्हणता येईल. त्या गाडीला ‘फास्ट’ म्हणता येणार नाही. ‘फास्ट’चा रोख धावण्याच्या वेगावर, ‘क्विक’चा लागलेल्या वेळावर. म्हणून गोलंदाज ‘फास्ट’, पण चोरटी धाव ‘क्विक सिंगल’. कुणी विचारेल, मग ‘फास्ट फूड’ कुठे धावतं? वेगवान गोलंदाजालाही ‘क्विक’ म्हणतातच की! आक्षेप रास्त आहे. अशा रूढ जोड्या पाठच कराव्या लागतात. पण स्वतःचं वाक्य रचताना वेग की वेळ, हा प्रश्न बहुतेकदा तारून नेतो: नजर टाकायची ती ‘क्विक लुक’, ‘फास्ट लुक’ नव्हे. क्रियाविशेषणात मात्र विशेष जपावं. ‘रिप्लाय क्विकली’ चालतं, पण ‘रन फास्टली’ नाही. तिथे नुसतं ‘फास्ट’च.